चौलच्या वाडीतल्या निळ्या ठिकऱ्या: चिनी मातीच्या जुन्या व्यापाराचा माग कसा काढायचा?

नीळखापर

नमस्कार मंडळी. माझ्या आत्याची चौलला नारळ-सुपारीची वाडी आहे. माडांची आळी उकरली की शिंपले, विटांचे तुकडे आणि मधूनच निळ्या नक्षीच्या पांढऱ्या ठिकऱ्या वर येतात. आत्या त्या कुंपणाकडे भिरकावते, "पायात घुसतात मेल्या" म्हणत. लहानपणी आम्ही त्याच ठिकऱ्या घेऊन अंगणात ठिक्कर खेळायचो.

यंदा त्यातल्या अकरा ठिकऱ्या बिस्किटाच्या डब्यात घालून पुण्याला आणल्या. एकीवर हरणाचे मागचे दोन पाय आणि शेपटीचा झुबका दिसतो. एकीवर रेघांनी आखलेले चौकटीसारखे कप्पे आहेत. एक बशीच्या बुडाची आहे, तिच्या खालच्या कडेला वाळूचे कण असे चिकटलेत की नखाने निघत नाहीत.

थोडंफार वाचलंय. पोर्तुगीजांना १५२१ साली निजामशहाकडून चौलला किल्ला बांधायची परवानगी मिळाली, तोच आजचा रेवदंडा. १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. दरम्यान १५१० ला गोवा, १५११ ला मलाक्का, १५५७ च्या सुमारास मकाव, म्हणजे चीनपासून इथपर्यंत त्यांची साखळी तयार होती. तेव्हा या ठिकऱ्या चीनच्या मिंग घराण्याच्या काळातल्या असतील का? आणि मला निव्वळ "किती जुनं आहे" एवढंच नकोय. हा माल कोण आणायचं, किती यायचा, कुठल्या कागदांत सापडतो, हे शोधायला सुरुवात कुठून करू?

दर्यासारंग

रुमाल टाकून ठेवतो. विषय झकास आहे.

अर्धा_कप

नीळखापर ताई, मी एका संग्रहालयात हौशी मदतनीस म्हणून खापऱ्या धुवायचं काम केलंय, तेवढ्या भांडवलावर लिहितो.

सगळ्यात आधी हरीण विसरा. नक्षीवरून वय काढायला गेलात की फसलात. चिनी कारागिरांनी एकच नक्षी दोन-दोनशे वर्षं काढली, आणि बाकी जगाने तिची नक्कल केली. बघायचं ते बूड आणि तुटलेली कड.

तुटलेली कड भिंगाखाली धरा. खरं पोर्सेलिन (म्हणजे अस्सल चिनी माती) आतून घट्ट आणि काचेसारखं असतं, खडीसाखरेचा खडा फोडल्यावर दिसतो तसं. धुतलेल्या ठिकरीची ती कड जिभेला लावा (हसू नका, आम्ही सगळे करतो). पोर्सेलिन चिकटत नाही. साधी पांढरी माती पाणी शोषते, त्यामुळे जीभ चिकटते. इथेच निम्मा निकाल लागतो.

कारण त्याच्या मातीत आहे. चीनच्या ज्यांग्शी प्रांतातल्या जिंगदेझेन गावात दोन गोष्टी एकत्र मळत. एक काओलिन, हे नाव जवळच्या गाओलिंग टेकडीवरून पडलं. दुसरी दगड कुटून केलेली पांढरी भुकटी, तिच्या विटा पाडून ठेवत. तेराशे अंशांच्या आसपास भाजलं की दोन्ही एकजीव होतात. युरोपला हे गणित १७०८-१७१० पर्यंत सुटलं नव्हतं. सुटलं ते जर्मनीत, माइसनच्या कारखान्याच्या निमित्ताने. तोवर नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचे कुंभार साध्या मातीवर पांढरी झिलई चढवून वर निळं रंगवत होते. दुरून हुबेहूब, पण कपचा उडाला की आत पिवळट माती.

आता बूड. कडेला वाळू चिकटलेली, म्हणजे भांडं भट्टीत वाळू पसरून त्यावर ठेवलं होतं. तळावर मध्यापासून बाहेर जाणाऱ्या बारीक रेषा दिसतात का? भांडं चाकावर उलटं घालून तासताना पात्याच्या थरथरीने त्या उमटतात. काठावर झिलईचे बारीक टवके उडालेत का, उंदराने कुरतडल्यासारखे? पातळ अंग, कप्प्यांची नक्षी, तळाला थरथरीच्या रेषा, कडेला थोडी वाळू, हे सगळं एकत्र आलं तर त्याला क्राक म्हणतात. वानली बादशहाच्या काळापासून (१५७३-१६२०) पुढे १६४० च्या दशकापर्यंत जिंगदेझेनने खास निर्यातीसाठी काढलेला माल. अंग जाड, रंग ओबडधोबड आणि बुडाला वाळूचा थरच असेल तर फुज्यान किनाऱ्याजवळच्या झांगझोउच्या भट्ट्यांचा, स्वस्तातला.

हरणाच्या ठिकरीचा उलट बाजूचा फोटो टाका.

काडेपेटी

आमच्या आजीची लोणच्याची बरणी आहे. वरून तपकिरी, खालून पांढरी. मिंग असेल का? असेल तर लोणचं काढून ठेवतो आणि नोकरी सोडतो.

अर्धा_कप

काडेपेटी, लोणचं राहू द्या, नोकरीही राहू द्या. ती बरणी देशी कारखान्यातली असणार.

पण या निमित्ताने शिक्क्यांचं सांगतो, कारण बशी उलटी करून चिनी अक्षरं दिसली की लोक लगेच मिंग म्हणून नाचतात. सहा अक्षरांचा शिक्का वरून खाली, उजवीकडून डावीकडे वाचतात: महान मिंग, अमुक राजवटीत घडवले. त्यावर विसंबायचं नाही. १६७७ मध्ये जिंगदेझेनच्या स्थानिक अधिकाऱ्याने भांड्यांवर तेव्हाच्या, मिंगनंतर आलेल्या छिंग घराण्यातल्या कांगशी बादशहाचं नाव घालायला बंदी केली, तुटलेल्या भांड्यावरच्या नावाचा अपमान होतो म्हणून. मग कारागिरांनी शे-दोनशे वर्षांपूर्वीच्या मिंग बादशहांची नावं घालायला सुरुवात केली. म्हणजे छिंग काळातली बशी स्वतःला मिंग म्हणवते. आणि इंग्रजी लिपीत 'चायना' छापलेलं असेल तर ती १८९१ नंतरची धरा, अमेरिकेच्या जकात कायद्याने मूळ देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं तेव्हाची.

हेगवासी

कागदांबद्दल मी सांगतो. नोकरीनिमित्त नेदरलँड्समध्ये आहे, शनिवारी वेळ मिळाला की इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात जाऊन बसतो.

हा विषय कागदांतून शिकायला गेलात की पहिल्या पानापासून डच भेटतात. डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ ची. त्याच वर्षी डचांनी अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटाजवळ 'सान त्यागो' हे पोर्तुगीज जहाज पकडलं, आणि फेब्रुवारी १६०३ मध्ये सिंगापूरजवळ 'सांता कातारिना'. या दुसऱ्यावर सुमारे एक लाख चिनी भांडी होती असं सांगतात. १६०४ ला अॅमस्टरडॅमला लिलाव झाला तेव्हा फ्रान्स आणि इंग्लंडच्या राजांसाठीही खरेदी झाली. पोर्तुगीजांच्या कॅरॅक नावाच्या मोठ्या मालवाहू जहाजांवरून 'क्राक' शब्द आला असं बहुतेक मानतात. ही लूट कायदेशीर कशी ते सिद्ध करायला ग्रोशियस नावाच्या तरुण वकिलाला कामाला लावलं, आणि त्या युक्तिवादाचा एक भाग १६०९ ला 'समुद्र सर्वांना मोकळा' या सिद्धांताच्या रूपाने छापला गेला. चोरीच्या ताटल्यांतून आंतरराष्ट्रीय कायदा!

कंपनीच्या नोंदी वाचायला मजा येते. १६३५ मध्ये तैवानच्या डच ठाण्यावरून लाकडी नमुने चिनी व्यापाऱ्यांच्या हाती दिले गेले. मोहरीची भांडी, मिठाची भांडी, मेणबत्तीचे खांब, सगळं लाकडात कातून. जिंगदेझेनच्या कारागिराने मोहरी लावून मांस खाणारा माणूस कधी पाहिला नव्हता, त्याला आकार कळावा म्हणून. फोल्कर या अभ्यासकांनी १९५४ साली बटाव्याच्या (कंपनीचं आशियातलं मुख्य ठाणं, आजचं जकार्ता) रोजनाम्यांवरून आकडे जुळवले. १६०२ ते १६५७ या काळात कंपनीने तीस लाखांवर चिनी नग युरोपला नेले असा त्यांचा हिशेब निघतो. शिवाय आशियातल्या बंदरांमध्ये आपापसात फिरलेला माल वेगळाच.

चीनमध्ये सत्तांतराची लढाई सुरू झाल्यावर पुरवठा आटला. मग डच जपानमधल्या आरिताच्या भट्ट्यांकडे वळले, १६५९ ला तिथे पन्नास हजारांवर नगांची मागणी नोंदवली. १६८३ नंतर जिंगदेझेन पुन्हा जोमाने सुरू झालं.

आता ताईंसाठी मुद्द्याचं. डच कागद भरपूर आहेत म्हणून व्यापार डचांचा होता असं वाटू लागतं. पोर्तुगीजांचे कागद गेले कुठे? लिस्बनच्या कासा दा इंडियाचं, म्हणजे पूर्वेकडचा व्यापार बघणाऱ्या सरकारी कचेरीचं, दप्तर १७५५ च्या भूकंपात नष्ट झालं. म्हणजे चौल-गोव्यात ज्यांची जहाजं लागत त्यांचेच हिशेब जळाले, आणि त्यांना लुटणाऱ्यांचे राहिले. डच आकडे वाचून "कोकणात फारसं काही येत नव्हतं" असा निष्कर्ष काढू नका.

जे कागद आहेत तेही अर्धवट. 'विट्टे लेऊ' हे डच जहाज १६१३ मध्ये सेंट हेलेनाला पोर्तुगीजांशी लढताना स्फोट होऊन बुडालं. त्याच्या मालयादीत मिरी आहे, हिरे आहेत, पोर्सेलिनचा शब्दही नाही. १९७६ ला पाणबुडे उतरले तेव्हा मिरीच्या थरांत क्राक भांड्यांचा खच सापडला.

नीळखापर

हेगवासी, यादीत नाही आणि तळाशी खच, हे वाचून आत्याच्या कुंपणाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले! पण मग पोर्तुगीज बाजूचं काहीच उरलं नाही का? (फोटो संध्याकाळी टाकते.)

मांडवीकाठ

आसा मगो! पणजीच्या गोवा पुराभिलेखात लिस्बनशी झालेल्या पत्रव्यवहाराचे 'मोंसोंइश दु रेइनु' नावाचे जाडजूड खंड आहेत, मोसमी वाऱ्यांवर येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांसोबत गेलेली पत्रं. पोर्तुगीज यायला हवी, आणि वाळवी खाल्लेली पानं वाचायचा धीर.

शिवाय प्रवाशांची वर्णनं. लिन्सखोटेन हा डच प्रवासी १५८३ ते १५८८ गोव्यात होता. चिनी रेशीम आणि पोर्सेलिन विकणाऱ्या हिंदू दुकानदारांच्या एका अख्ख्या रस्त्याचं त्याने वर्णन केलंय. म्हणजे घाऊक कुणीही आणो, किरकोळ विक्रीला आपलीच माणसं गल्ल्यावर बसलेली.

माझं सर्वात आवडतं मात्र पिरार द लाव्हालचं. हा फ्रेंच दर्यावर्दी १६०८ ला आजारी अवस्थेत गोव्याच्या शाही इस्पितळात दाखल झाला. तिथे रोग्यांना जेवण चिनी पोर्सेलिनच्या ताटल्या-वाडग्यांतून वाढत, हे त्याने नवलाने लिहून ठेवलंय. विचार करा, त्या वेळी युरोपात हीच भांडी राजेलोक कपाटात मांडून ठेवत. लिस्बनच्या सांतुश राजवाड्यात तर एका दालनाचं छतच अडीचशेहून जास्त चिनी ताटल्यांनी मढवलेलं आहे. आणि इथे तापाने फणफणलेला खलाशी त्यात पेज पितो! जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टिनच्या पडक्या मठात पुरातत्त्व खात्याने उत्खनन केलं, तिथेही चिनी खापऱ्या निघाल्या.

अवांतर: आमच्याकडे चिनी मातीच्या बरणीला 'बुयांव' म्हणतात, पोर्तुगीज 'बोयांव'वरून. शब्दांचाही माग काढा.

जुनाजाणता

अवांतराला अवांतर. जहांगीरच्या दरबारात विल्यम हॉकिन्स नावाचा इंग्रज होता (१६०९ ते १६११). तो सांगतो, बादशहाची एक आवडती चिनी थाळी प्रवासात फुटली. ज्याच्या ताब्यात ती होती त्या सरदाराला फटके पडले, तुरुंग झाला, आणि शेवटी खर्चाला पैसे देऊन "चीनला जा आणि तशीच दुसरी आण" असा हुकूम मिळाला. बिचारा भटकत राहिला. अखेर इराणच्या शहाकडे तशी थाळी होती, त्याने दया येऊन दिली म्हणे.

आणि आमची सूनबाई कप फुटला की "जाऊ दे हो, ऑनलाइन मागवू" म्हणते.

दर्यासारंग

प्रश्न. गेल्या वर्षी मी एका ऑनलाइन दुकानातून 'नानकिंग कार्गो'चा छोटा वाडगा घेतला, बुडाला लिलावाची चिकटपट्टी आहे. तो अभ्यासाला धरता येईल का? तारीख तर पक्की आहे.

हेगवासी

तारीख पक्की आहे खरी. 'नानकिंग कार्गो' म्हणजे 'गेल्डरमाल्सन' या डच जहाजावरचा माल. ते कँटनहून (आजचं ग्वांगझू) निघालं आणि जानेवारी १७५२ च्या सुरुवातीला दक्षिण चिनी समुद्रात खडकावर आपटलं. १९८५ ला बुडालेली जहाजं उपसणाऱ्या मायकेल हॅचरने माल वर काढला, १९८६ ला अॅमस्टरडॅममध्ये लिलाव झाला, सुमारे दीड लाख नग. पण जहाजावर मुख्य माल चहाचा होता! पोर्सेलिन किमतीच्या हिशेबाने किरकोळ. पाण्याने त्याचं काही बिघडत नाही, म्हणून पेट्या तळाशी रचायच्या आणि चहा त्यांच्या वर कोरडा ठेवायचा. ज्याला आज आपण काचेच्या कपाटात ठेवतो ते तेव्हा चहाचं जोतं होतं.

अर्धा_कप

मी त्या वाडग्याला अभ्यासाचं साधन म्हणायला तयार नाही. उपसताना जहाजाची मोजमापं, पेट्यांची जागा, खलाशांच्या वस्तू, कशाची धड नोंद झाली नाही. विकण्यासारखं होतं तेवढं उचललं. पुरातत्त्ववाले आजही त्या लिलावाचं नाव काढलं की चिडतात. चीनने दोन तज्ज्ञ तीस हजार डॉलर देऊन लिलावाला पाठवले होते, त्यांना एक नगही घेता आला नाही. पुढच्याच वर्षी चीनमध्ये पाण्याखालच्या पुरातत्त्वाचं काम संस्थात्मक पातळीवर सुरू झालं.

दर्यासारंग

म्हणजे मी चोरीचा माल घेतला असं म्हणायचंय का? दुकानदाराने पावती दिलीय.

अर्धा_कप

नाही हो, लिलाव कायदेशीरच होता. वाडगा सुंदर आहे, चहा प्या त्यात. फक्त तो कुठल्या पेटीत, कशाच्या शेजारी होता ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

हेगवासी

थोडं दुसऱ्या बाजूनेही. त्याच हॅचरने १९८३ ला एक चिनी जहाज काढलं, त्यात दोन झाकणांवर १६४३ शी जुळणारं चिनी वर्ष लिहिलेलं सापडलं. त्या एका तारखेने मिंगच्या अखेरच्या काळातल्या मालाचा अख्खा कालक्रम नीट लागला. उपसा वाईट झाला हे मान्य, पण त्यातली माहिती वापरायचीच नाही, हे मला पटत नाही.

अर्धा_कप

ती तारीख झाकणावर लिहिलेली होती म्हणून वाचली. न लिहिलेलं सगळं गेलं. असो, यावर आपलं एकमत व्हायचं नाही.

गिरगावकर

तुम्ही सगळे पोर्तुगीज-डचांत अडकलात, मुंबई राहिली की! हिरजी जीवनजी हा पारशी व्यापारी १७५६ ला चीनला गेला, तिथे जाणारा पहिला पारशी म्हणून त्याचं नाव घेतात. १७५७ पासून परदेशी व्यापार एकट्या कँटनवर आला. मुंबईहून कापूस आणि पुढे अफू जायची, येताना चहा, रेशीम, साखर आणि चिनी भांडी. जिंगदेझेनचा कोरा पांढरा माल नदीने, मग मेलिंगच्या घाटातून हमालांच्या खांद्यावर कँटनला यायचा आणि तिथे गिऱ्हाइकाच्या पसंतीचे रंग चढायचे. मूळ वस्तू बघायच्या तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहातली चिनी दालनं बघा. ताई, पुण्याहून सकाळच्या गाडीने येऊन संध्याकाळी परत जाता येईल.

सरळसोट

एक सूचना. वाडी खासगी आहे ते ठीक. पण हा धागा वाचून कुणी रेवदंड्याच्या किल्ल्यात खुरपं घेऊन जाऊ नका. संरक्षित स्मारकातून काही उचलणं गुन्हा आहे. दिसलं तर फोटो काढा, जागा लिहा, तिथेच राहू द्या.

नीळखापर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री स्वयंपाकघरात अकराही ठिकऱ्या धुऊन टॉवेलवर मांडल्या, शेजारी भिंग आणि मोबाइलचा टॉर्च. नवऱ्याने मला ठिकऱ्या चाटताना बघितलं आणि काही न बोलता दूध तापवायला ठेवलं.

निकाल असा. चार जिभेला चिकटल्या. त्यातल्या दोघींवर भिंगातून निळ्या रेघा सुट्या ठिपक्यांच्या दिसतात, म्हणजे ब्रशने रंगवलेल्या नाहीत, छापलेल्या आहेत. एकीवर पूल आणि झुकलेलं झाड आहे, आणि मला वाईट वाटलं, कारण मनातून तीच मी सर्वात जुनी ठरवून ठेवली होती.

उरलेल्या सात चिकटत नाहीत. हरणाची कड अगदी अर्धा_कप यांनी सांगितली तशी, खडीसाखर. टॉर्च मागे धरला तर उजेड आरपार येतो आणि हरणाचे पाय सावलीसारखे दिसतात. बुडाच्या ठिकरीवर बाहेर जाणाऱ्या रेषा आहेत, बोटाला लागत नाहीत, तिरप्या उजेडातच दिसतात. कडं निम्मंच उरलंय, पण कागदावर गिरवून वर्तुळ पुरं केलं तर व्यास बारा सेंटिमीटर भरतो. फोटो जोडलेत.

अर्धा_कप

वा! पूल आणि झुकलेलं झाड म्हणजे विलो नक्षी. ती चिनी नाहीच, १७९० च्या आसपास इंग्लंडमध्ये 'चिनी वाटावी' म्हणून बेतलेली. एकोणिसाव्या शतकात मास्त्रिख्ट आणि ग्लासगोच्या कारखान्यांतूनही छापील माल आशियात ओतला जात होता. टाकून देऊ नका, तोही व्यापारच. ज्या किनाऱ्यावर चीनची ताटली यायची तिथेच पुढे तिची विलायती नक्कल स्वस्तात येऊ लागली, आणि दोन्ही एकाच माडाखाली फुटल्या.

हरीण आणि बूड या दोन्ही मी क्राककडे झुकवीन. नक्की म्हणायला कुणीतरी हातात घेऊन बघायला हवं. डेक्कन कॉलेज तुमच्या घरापासून किती लांब आहे? चौलवर तिथल्या लोकांनी काम केलंय.

नीळखापर

रिक्षाने वीस मिनिटं! आणि इतकी वर्षं मी तिथल्या झाडांखाली नुसती फिरायला जात होते. सोमवारी विचारून येते.

आज आत्याचा फोन आला. तिला सगळं सांगितलं तर म्हणाली, "मग आधी नाही का बोलायचं? सकाळपासून कुंपणाकडेच्या सगळ्या गोळा करून बादलीत टाकतेय, अर्धी भरली. पाऊस सुरू व्हायच्या आत येऊन ने."

अर्धा_कप

थांबवा त्यांना! बादली नको. आत्ताच फोन करा. प्रत्येक माडासाठी वेगळी पिशवी, आणि आत चिठ्ठी: कुठला माड, किती खोल.

नीळखापर

केला. म्हणाली, "कुंपणाकडची कुठल्या माडाची ते मला काय ठाऊक? विहिरीजवळच्या तिघांना अजून हात लावलेला नाही."